घरी सांभाळायला येणाऱ्या मावशींना नेमकं काय काय शिकवायचं? (सेरेब्रल पाल्सी, नाकातली नळी, फिट्स)

सदाफुली
मुलगा ८ वर्षांचा, वजन १६ किलो. सेरेब्रल पाल्सी, चारही हातपाय कडक, मान अर्धवट धरतो. फिट्सचं औषध दिवसातून दोनदा. थोडं जेवण तोंडाने, बाकीचं नाकातल्या नळीतून. पुढच्या महिन्यापासून सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ब्यूरोतून मावशी येणार आहेत.
प्रेमळ बाई मिळाली की निम्मं काम झालं, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण उरलेलं निम्मं काय, ते कुणी नीट सांगत नाही. मूल त्यांच्या हाती सोपवण्याआधी काय बघायचं, काय शिकवायचं, आणि कुठल्या गोष्टीला ठाम नाही म्हणायचं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी अगदी बारीकसारीक लिहा, लांबलं तरी चालेल.

पिंपळपान
आधी ब्यूरोची भाषा समजून घ्या. ते सगळ्यांनाच 'नर्स' म्हणतात. नर्सिंगमधला एएनएमचा अभ्यासक्रम २ वर्षांचा, जीएनएमचा ३ वर्षांचा, आणि दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर ती बाई नर्स नाही, मदतनीस आहे. मदतनीस असायला काहीच हरकत नाही, फक्त कामाची हद्द वेगळी ठरवावी लागते.
नळीतून अन्न देणं मदतनीस शिकू शकते. नळी घालणं तिचं काम नाही. नळी अर्धवट बाहेर आली तर ती आत ढकलायची नाही, पूर्ण काढायची आणि फोन करायचा. हे पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात सांगा. बाकीच्या चुका बहुतेक वेळा निस्तरता येतात. श्वासनलिकेत गेलेल्या नळीतून १०० मिली पेज गेली तर ते निस्तरणं फार कठीण.
नळी घातल्यावर नाकपुडीपाशी जिथे येते तिथे कायम मार्करने रेघ मारा आणि किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून ठेवा. प्रत्येक वेळी अन्न देण्याआधी ती रेघ जागेवर आहे का ते बघायचं. शिंक, उलटी, जोराचा खोकला किंवा मुलाचा हात लागला असेल तर रेघ जागेवर दिसली तरी तपासणी पुन्हा करायची, कारण नळी आतल्या आत घशात वेटोळं करून बसू शकते.

गिरणाकाठ
तपासणी म्हणजे सिरिंजने हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायची ना? बऱ्याच ठिकाणी डिस्चार्जच्या वेळी हेच शिकवतात.

पिंपळपान
शिकवतात, पण त्यावर विसंबू नका. नळी फुप्फुसाच्या बाजूला किंवा अन्ननलिकेत असली तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवून बुडबुडे बघणं हीसुद्धा खात्रीची पद्धत नाही.
घरी करता येण्यासारखी खात्रीची तपासणी म्हणजे पीएच पट्टी. नळीतून पोटातलं १-२ मिली पाणी सिरिंजने बाहेर ओढून पट्टीवर टाकायचं, ५.५ किंवा त्याखाली आलं तर पोटातलं आम्ल आहे, अन्न देता येईल. अर्ध्या-अर्ध्या आकड्याची पट्टी घ्या. शाळेतला निळा-तांबडा लिटमस नको, तो फक्त आम्ल आहे एवढंच सांगतो, किती ते नाही.
अडचणी दोन. ओढून काहीच येत नसेल तर मुलाला डाव्या कुशीवर करून १५-२० मिनिटांनी पुन्हा बघायचं. आणि मूल ॲसिडिटीचं औषध घेत असेल, किंवा नुकतंच दूध दिलं असेल, तर आकडा ५.५ च्या वर येऊ शकतो. अशा मुलासाठी कुठला आकडा चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. शंका राहिली तर अन्न द्यायचं नाही, एक्स-रे.

गिरणाकाठ
पटलं. पीएच पट्ट्या औषधाच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. डबी उघडी राहिली की दमटपणाने पट्ट्या बिघडतात, पावसाळ्यात जास्तच.

नाचणीसत्त्व
पेज देण्याबद्दल माझ्याकडून. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका. नुसती नळकांडी नळीला लावायची, मुलाच्या पोटापासून साधारण वीतभर वर धरायची आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकललं की ५ मिनिटांत काम उरकतं, म्हणून घाईत सगळे तेच करतात. पण पोट एकदम ताणलं जातं, उलटी होते आणि ती छातीत जाते. एका वेळच्या अन्नाला २० ते ३० मिनिटं लागलीच पाहिजेत. मावशींच्या बोलीत हीच कामाची अट ठेवा.
डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश उंच, देताना आणि दिल्यावर निदान अर्धा तास. नुसती मानेखाली उशी घातली तर मान पुढे मुडपते आणि धड आडवंच राहतं. कमरेपासून वर उतार हवा.
नाचणी गार होताना दाटते. वाडग्यात पातळ दिसलेली पेज नळीत जाईपर्यंत घट्ट होते आणि नळी तुंबते. सुती कापडातून किंवा बारीक गाळणीतून गाळा, कोमट असतानाच द्या, आधी आणि नंतर १० मिली पाणी सोडा. औषध दिल्यावरही पाणी. तुंबलेली नळी कोमट पाण्याने, हलक्या हाताने पुढे-मागे करून मोकळी करायची. तार, पिन, सोडा-कोला काही नको. जोर लावला तर नळी फाटते.
केलेली पेज बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. सकाळीच दिवसभराचं करून झाकून ठेवायची सवय आपल्याकडे आहे, ती इथे मोडायची.

सदाफुली
दट्ट्याचं फार महत्त्वाचं सांगितलंत. तोंडाने भरवतो त्याबद्दल? आजी बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) पाजतात, मांडीवर आडवं घेऊन.

कडुलिंब_फिजिओ
आजींचा हात प्रेमाचाच आहे, पण बोंडलं आणि आडवी मांडी दोन्ही आजच थांबवा. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि बोंडल्यातलं दूध मूल गिळायला तयार आहे की नाही हे न बघता सरळ घशात उतरतं. तान्ह्या निरोगी बाळालाही त्याने ठसका लागतो, इथे तर गिळण्याचे स्नायूच ताळ्यावर नसतात.
बसवून, मान मध्यरेषेत, हनुवटी किंचित खाली. भरवणारी व्यक्ती समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडी खाली बसलेली. उभं राहून भरवलं की मूल वर बघतं आणि मान मागे जाते. चपटा, उथळ चमचा जिभेच्या मधोमध हलकेच दाबून ठेवायचा, ओठ मिटण्याची वाट बघायची. वरच्या दातांवर घास खरवडून टाकायचा नाही. गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा घास नाही.
सगळ्यात अवघड पदार्थ म्हणजे साधं पाणी. ते इतक्या वेगाने घशात येतं की गिळायची तयारी व्हायच्या आत पुढे गेलेलं असतं. त्याला घट्टपणा किती द्यायचा ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. दुसरा अवघड प्रकार दुहेरी घासाचा: पातळ आमटीत भाताची शितं, दुधात पोहे, पातळ साबुदाणा खिचडी. पाणी एकीकडे, दाणा दुसरीकडे जातो. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, चिवडा, लाह्या घराबाहेरच.
मावशींना ओळखायला शिकवायचं ते हे: घास झाल्यावर आवाज ओला, घरघरता होतो, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल किंवा फिका पडतो, श्वास भरभर चालतो. खोकला आला नाही म्हणजे छातीत गेलं नाही, असं नसतं. काही मुलांना खोकला येतच नाही. वारंवार न्यूमोनिया होणं हीच तिथे खूण.
एका जेवणाला ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तोंडाने भरवणं तिथेच थांबवून बाकीचं नळीतून.

राजगिरा
+१. आणि नाकात तेल-तूप घालायचं नाही. मालिशवाल्या बाया अंघोळीआधी सवयीने घालतात. ते फुप्फुसात उतरून तेलाचा न्यूमोनिया होतो, तो साध्या अँटिबायोटिकने हटत नाही.

कडुलिंब_फिजिओ
मालिशचा विषय निघालाच आहे तर. हलक्या हाताने तेल लावायला काही हरकत नाही. मात्र पाय फाकवून ताणणं, 'मोकळे करणं', बंद. जी मुलं उभी राहत नाहीत आणि फिट्सची औषधं घेतात, त्यांची हाडं ठिसूळ असतात. मांडीचं हाड डायपर बदलताना मोडू शकतं, पडायला लागत नाही.
म्हणून डायपर बदलताना दोन्ही घोटे धरून पाय वर उचलायचे नाहीत. कुशीवर वळवा, जुनं डायपर गुंडाळून पाठीखाली सरकवा, नवं पसरा, दुसऱ्या कुशीवर वळवा. गुडघे आधी वाकवले की मांड्यांचा कडकपणा आपोआप सैलावतो, मग तळहाताने मांडीच्या आतून हलका दाब देऊन थांबायचं. पाय स्वतःहून सुटतात, ओढायची गरज पडत नाही. डायपर बदलतानाच मूल दरवेळी रडत असेल तर 'हट्टी आहे' म्हणून सोडून देऊ नका, खुब्याचा एक्स-रे काढा. या मुलांचा खुबा हळूहळू निसटतो आणि पहिली तक्रार बऱ्याचदा इथेच दिसते.
अचानक पाय हलवेनासा झाला, मांडी सुजली, हात लावला की कळवळतो, तर मावशींनी लगेच कळवलं पाहिजे. आणि त्यासाठी कळवणाऱ्या बाईला ओरडा बसणार नाही, ही हमी घरच्यांनी आधीच द्यायला हवी. भीतीपोटी लपवलेला फ्रॅक्चर दोन-दोन दिवस तसाच राहतो.

सागरगोटा
खुर्चीबद्दलही लिहा ना कुणीतरी. छातीचा पट्टा लावून ठेवला की सुरक्षित असं सगळ्यांना वाटतं.

कडुलिंब_फिजिओ
आधी कमरेचा पट्टा, मग बाकीचे. कमरेचा पट्टा मांडी आणि धड यांच्या घडीत, साधारण ४५ अंशांत खाली-मागे ओढलेला असावा, पोटावर आडवा नाही. तो ढिला असेल तर मूल खाली घसरतं, आणि नुसता छातीचा पट्टा लावलेला असेल तर घसरता घसरता तो गळ्याशी येतो. ही घटना काही मिनिटांची असते आणि आवाज होत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत एवढाच सैल. पाय टेकायला पाटी हवी, लोंबते पाय मुलाला खाली ओढतात.
पलंगाचं तसंच. भिंत आणि गादी यांच्यामध्ये उशा कोंबू नका. मूल त्या फटीत तोंड खाली करून अडकतं आणि उशी श्वास अडवते. पलंग भिंतीला घट्ट लावा, नाहीतर जमिनीवर गादी.
बराच वेळ एकाच स्थितीत असेल तर २ तासांनी कूस बदला. पायातले स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरणारे आधार) काढल्यावर दिसणारा लालपणा २०-३० मिनिटांत गेला नाही तर तो स्प्लिंट पुन्हा घालायचा नाही, दुरुस्तीला न्यायचा.

चांदणपक्षी
फिट्सबद्दल. अजूनही चप्पल हुंगवणं, कांदा, हातात किल्ली, दातांत चमचा हे सगळं चालतं. मावशींना स्पष्ट विचारा, 'फिट आली तर काय कराल?' उत्तर ऐका, मग शिकवा.
घड्याळ बघायचं, हे सगळ्यात पहिलं. अन्न चालू असेल तर सिरिंज खाली घेऊन नळी बंद. मूल कुशीवर, तोंडातलं बाहेर वाहू द्यायचं. खुर्चीत असेल तर पट्टे सोडून खाली घ्यायचं. तोंडात काहीही नाही, पाणीही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. ५ मिनिटांनी थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) नाकातला फवारा आणि १०८ ला फोन. फोनसाठी फवाऱ्याच्या परिणामाची वाट बघायची नाही.
फवाऱ्यात एक मेख आहे. मात्रा साधारण किलोमागे ०.२ मिलीग्रॅम धरतात, म्हणजे १६ किलोला ३.२. बाटलीवर 'एका फवाऱ्यात ०.५ मिलीग्रॅम' असेल तर ६ फवारे, एका नाकपुडीत ३ आणि दुसरीत ३. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत एका फवाऱ्यातलं औषध वेगळं असतं. बाटली बदलली की फवाऱ्यांची संख्या बदलते. म्हणून डॉक्टरांकडून 'मिलीग्रॅम' नाही, 'या बाटलीचे इतके फवारे' असं लिहून घ्या आणि बाटलीला चिकटवा. नवी बाटली आधी हवेत काही वेळा दाबावी लागते, नाहीतर पहिले फवारे कोरडे जातात. तुमच्या मुलाच्या नळीची नाकपुडी कुठली, तेही डॉक्टरांना विचारून ठेवा. फवारा दिल्यावर छाती हलतेय का, ओठ निळे पडतायत का, याकडे नजर.

कोरडवाहू
औषधांतल्या चुका बहुतेक मिलीग्रॅम आणि मिली यांच्या गोंधळातून होतात. व्हॅल्प्रोएटचं सरबत साधारणपणे ५ मिलीत २०० मिलीग्रॅम, म्हणजे मिलीला ४०. लेव्हेटिरासिटामचं मिलीला १००. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात आणि मात्रा दोन्हींच्या 'मिली'तच सांगितल्या जातात. दोन्हींच्या मात्रा मिलीग्रॅममध्ये सारख्या असतील तर अदलाबदल झाली की एकाची अडीच पट आणि दुसऱ्याची निम्म्याहून कमी मात्रा गेली.
घरातला चहाचा चमचा औषधाला वापरायचा नाही. एकात ३ मिली बसतं, दुसऱ्यात ७. प्रत्येक औषधाला वेगळी, सुई नसलेली सिरिंज, बाटलीला रबर लावून बांधलेली. फेनिटॉइन असेल तर ते तळाशी बसतं, चांगलं हलवलं नाही तर महिनाभराची बाटली सुरुवातीला फिकी आणि शेवटी जहाल जाते. शिवाय नळीतल्या अन्नाबरोबर ते नीट शोषलं जात नाही, मध्ये किती वेळ सोडायचा ते विचारा. 'क्रोनो', 'सीआर' लिहिलेली (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटून नळीतून द्यायची नाही.
दिल्यावर लगेच वहीत वेळ आणि सही. द्यायच्या आधी लिहिलेलं चालणार नाही. वही बघूनच पुढची व्यक्ती देणार, नाहीतर आई घरी येऊन पुन्हा डोस देते.

सोनटक्का
कॅमेरा लावा, प्रश्न मिटला. एवढं शिकवण्यापेक्षा नजर ठेवणं सोपं.

पिंपळपान
असहमत. कॅमेऱ्यात पडलेलं दिसतं, पेज किती वेगाने गेली ते दिसत नाही. नळीची रेघ तर अजिबात नाही. लावायचा असेल तर मावशींना सांगून, हॉलमध्ये. अंघोळीची आणि डायपरची जागा त्यात येता कामा नये. त्या मुलाच्या अंगाचं चित्रीकरण कुणाच्या फोनवर राहू नये, एवढा मान त्याला आहेच.
अंगावरच्या खुणांसाठी आपले डोळे जास्त उपयोगी. रोज संध्याकाळी अंघोळ किंवा अंग पुसणं घरच्या माणसाने करायचं, डोक्यापासून तळव्यापर्यंत बघायचं. कानामागे, दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीच्या आत निळे डाग, न बोलणाऱ्या मुलाचं एखाद्या व्यक्तीला बघून अंग आखडणं, याकडे दुर्लक्ष नको. १०९८ चाइल्डलाइनचा नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. पोलीस पडताळणी तर आधीच करून घ्या.

सोनटक्का
मान्य. अंघोळीचं काम घरच्यांकडे ठेवायचं, हे मला सुचलं नव्हतं.

हिरवाचाफा
थोडं अवांतर. चालणारं, पळणारं, स्वमग्न मूल असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे धोका दाराचा आणि पाण्याचा. कडी मुलाच्या हाताच्या वर, सोसायटीच्या टाकीच्या झाकणाला कुलूप, गच्चीचं दार बंद. ही मुलं हाकेला ओ देतीलच असं नाही, म्हणून हरवलं तर आधी जवळच्या पाण्याकडे धावायचं, मग बाकी शोध. कपड्यावर आतून फोन नंबर शिवायचा.

राजगिरा
आणि स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणं) असलेल्यांसाठी: लॅटेक्सचे हातमोजे, रबरी कॅथेटर, फुगे घरात नकोत. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी पुष्कळ आढळते. कमरेखाली चटका कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी बंद. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपराने बघायचं. खरं तर हा नियम सगळ्याच मुलांना.

खडीसाखर
सरकारी बाजू. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) केलं नसेल तर करा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना १ लाखापर्यंतची आहे, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. त्याच ट्रस्टची 'सहयोगी' ही काळजीवाहकांना प्रशिक्षण देणारी योजना आहे, प्रशिक्षित बाई शोधताना तिथे चौकशी करता येईल. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि अपंग मुलासाठी वयाची अट नाही. मूल १८ चं झालं की पालकत्व आपोआप चालू राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. तुम्हाला अजून १० वर्षं आहेत.

सागरगोटा
मूळ प्रश्नाकडे येते. किती दिवस शिकवायचं? माझ्या मते ५ पूर्ण दिवस. पहिले दोन दिवस मावशींनी नुसतं बघायचं. पुढचे दोन दिवस त्यांनी करायचं आणि आपण शेजारी बसायचं. पाचव्या दिवशी आपण दुसऱ्या खोलीत, हाक मारली तरच यायचं. त्या दिवशी न सांगता एक तालीम घ्या: 'नळी निघाली', 'फिट आली', 'घास अडकला'. त्यांनी कुठे हात घातला, आधी कुणाला फोन केला, ते बघा. आणि आपण शिकवल्यावर 'कळलं का?' विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही मला करून दाखवा' म्हणा.
दिवस ९ तासांचा आहे. मावशींना जेवायला आणि पाठ टेकायला अर्धा तास मिळाला नाही तर संध्याकाळी ४ ची पेज दट्ट्यानेच जाणार. १६ किलोचं मूल दिवसातून ८-१० वेळा उचलताना गुडघे वाकवून, मूल छातीशी धरून, आणि २० किलोच्या पुढे दोघांनी. त्यांची कंबर गेली तर मूलही पडणार.

सदाफुली
सगळ्यांचे मनापासून आभार. आजींशी बोंडल्याबद्दल बोलले, ऐकलं त्यांनी. पीएच पट्ट्या मागवल्या. कागद तयार करतेय, पण ठरलेल्या मावशींना मराठी बोलता येतं, वाचायला फार येत नाही. मग भिंतीवरच्या कागदाचा उपयोग काय?

नाचणीसत्त्व
फोटो लावा. तुमच्याच मुलाचे, तुमच्याच घरातले. खुर्चीत बरोबर बसलेला एक, नळीची रेघ नाकपुडीपाशी असलेला जवळून एक, पलंगाचा उतार एका बाजूने, कुशीवर वळवलेला एक. प्रत्येक फोटो जिथे ते काम होतं तिथेच, सगळे एका जागी नकोत. आणीबाणीचे नंबर फोनमध्ये नावाऐवजी फोटोने साठवा.

कोरडवाहू
सिरिंजवर मात्रेच्या रेषेला नेलपॉलिशची बारीक पट्टी द्या, व्हॅल्प्रोएटला लाल, दुसऱ्याला निळी, आणि तोच रंग बाटलीच्या झाकणावर. पट्टी सिरिंजच्या बाहेरून, काळ्या रबराची वरची (सिरिंजच्या तोंडाकडची) कड जिथे थांबायला हवी तिथे. डोस बदलला की जुनी खूण पुसत बसू नका, सिरिंजच टाकून नवी घ्या. दोन खुणा असलेली सिरिंज घरात नको.